वाचक विचारतात : प्रागचा चार्ल्स पूल, वरून आणि खालून

युरोपच्या टूर आता गल्लोगल्ली निघतात, त्यामुळे आमच्या प्रश्नांच्या पेटीत प्राग सारखं डोकावायला लागलंय, आणि प्राग म्हटलं की सगळ्यांची गाडी येऊन थांबते ती चार्ल्स पुलावरच. म्हणून यावेळी फक्त त्या एका पुलाचे प्रश्न घेतलेत. काहींनी अख्खी वहीच पाठवली होती, ते प्रश्न कापून छोटे केलेत, राग मानू नका.

प्रश्न : आमच्या टूरमध्ये चार्ल्स पुलाला फक्त ४० मिनिटं दिलीत. एजंट म्हणतो, भरपूर झाली, या टोकाहून त्या टोकाला जायला १० मिनिटं लागतात. खरंच पुरतात का? आणि शेवटी पूल तो पूल, त्यात बघायचं काय एवढं? (एक वाचक, नाशिक)

एजंटचं गणित तसं बरोबर आहे, पूल साधारण ५१६ मीटर लांब आणि जेमतेम १० मीटर रुंद, रिकामा असला तर रमतगमत गेलात तरी १० मिनिटांत पलीकडे. पण तुमचा ग्रुप तिथे पोचणार अकराच्या सुमाराला, आणि त्या वेळी जगभरातले सगळे ग्रुप छत्र्या आणि झेंडे उंच धरून तिथेच असतात, मग चालणं कुठलं, सरकणं असतं नुसतं.

तर ताई, ४० मिनिटंच असतील तर माझा सल्ला असा की ती अर्धी अर्धी करा. अर्धा वेळ पुलावर आणि अर्धा पुलाखाली. बहुतेक लोक पुलावरून जातात, मूर्तींचे फोटो काढतात, मागे किल्ला येईल असा सेल्फी काढतात आणि घरी येतात, पण ज्या पुलावरून गेलो तो दिसतो कसा हे त्यांनी बघितलेलंच नसतं. त्याच्या १६ कमानी, पाण्यात उभे असलेले जाडजूड खांब, हे वरून दिसतच नाही. पलीकडच्या म्हणजे किल्ल्याकडच्या माला स्त्राना भागाच्या बाजूला पूल संपायच्या आधीच डाव्या हाताला दगडी जिना खाली उतरतो, तो थेट कांपा बेटावर. तिथे नदीच्या काठाशी जाऊन मागे वळून बघा, पूल काय चीज आहे ते तिथे कळतं.

बघायचं काय म्हणाल तर थोडी गोष्ट सांगतो. इथे आधी एक दगडी पूल होता, युडिट राणीच्या नावाचा, बाराव्या शतकातला. तो १३४२ च्या पुरात गेला. मग चौथ्या कार्ल राजाने (इंग्रजीत चार्ल्स, पुलाचं नाव त्याच्यावरूनच) १३५७ मध्ये नव्या पुलाची पायाभरणी केली आणि काम चाललं ते पंधरावं शतक उजाडेपर्यंत. त्या पायाभरणीचा मुहूर्त म्हणे ज्योतिषांनी काढून दिलेला, १३५७ साल, ९ तारीख, सातवा महिना, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं, म्हणजे आकडे ओळीने लिहिले तर १३५७९७५३१, चढत जाऊन परत उतरतात. खरं की रचलेलं देव जाणे, पण मुहूर्ताचं वेड फक्त आपल्यालाच नाही हे वाचून मला बरं वाटलं. १८४१ पर्यंत प्रागमध्ये व्ल्टावा नदीवर हा एकच पूल होता, म्हणजे राजाची मिरवणूक असो, व्यापाऱ्यांच्या गाड्या असोत की चालून आलेलं सैन्य, सगळ्यांना इथूनच जावं लागायचं. नंतर यावर घोड्यांची ट्रॅम धावली, मग विजेची ट्रॅम, मोटारीसुद्धा धावल्या, १९६५ ला मोठी दुरुस्ती काढली तेव्हापासून तो चालणाऱ्यांचा झाला.

जुन्या शहराच्या बाजूचा काळवंडलेला बुरूज मात्र आत शिरायच्या आधी थांबून नीट बघा. शहराकडच्या भिंतीवर राजा-राजपुत्राच्या आणि संतांच्या मूर्ती शाबूत आहेत, आणि कमानीतून पुढे जाऊन मागे वळलात तर नदीकडची भिंत ओकीबोकी. १६४८ ला स्वीडनच्या सैन्याने पलीकडच्या काठावरून तोफा डागल्या, त्यात तिकडची कोरीव कामं गेली. त्याच बुरुजावर १६२१ मध्ये बंड केलेल्या पुढाऱ्यांपैकी बारा जणांची मुंडकी टांगलेली आणि ती तिथे दहा वर्षं होती. गाईड हे मोठ्या चवीने सांगतात, बरोबर लहान मुलं असतील तर तेवढी दोन मिनिटं त्यांना आइस्क्रीमकडे वळवा.

प्रश्न : मी सिव्हिलचा विद्यार्थी आहे. या पुलाच्या चुन्यात अंडी घातली होती असं एका रीलमध्ये पाहिलं. आपल्याकडे जुन्या बांधकामात चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचे तसंच का हे? अंड्यांमुळे पूल साडेसहाशे वर्षं टिकला हे खरं का? (एक वाचक, कराड)

अंड्यांची गोष्ट प्रागमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. राजाने म्हणे राज्यभर फर्मान काढलं की गावोगावहून अंडी पाठवा, आणि वेल्वारी नावाच्या गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली. आजही त्या गावाला त्यावरून चिडवतात. आता खरं-खोटं म्हणशील तर चुन्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासलेत, एका तपासणीत प्रथिनांचे अंश सापडल्याचं जाहीर झालं, तर दुसऱ्या अभ्यासकांना ते पटलं नाही. वाद चालू आहे असं समज. गूळ-बेलाचं मात्र आपल्याकडे पक्कं आहे, जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत आजही तसा चुना मळतात.

पण सिव्हिलवाला आहेस म्हणून सांगतो, अंड्यात अडकू नकोस. तुझ्या प्रश्नातलं "टिकला" हेच तपासून बघ ना, कारण हा पूल तसा सलग टिकलेलाच नाही, तो कितीतरी वेळा मोडलाय आणि दर वेळी उभा केलाय. १७८४ ला बर्फाच्या लाद्या आणि पुराने खांब जखमी केले. सप्टेंबर १८९० चा पूर सगळ्यात वाईट, वरच्या अंगाने सुटलेले लाकडाचे ओंडके आणि तराफे वाहत येऊन कमानींत अडकले, पाण्याला वाट मिळेना, पुलाचंच धरण झालं, आणि तुंबलेलं पाणी मग खांबाच्या बुडाशी घुसून तळ खरवडायला लागलं. तीन कमानी कोसळल्या. म्हणजे बघ, वरची कमान किंवा चुना कमी पडला नाही, दगा दिला तो पायाने. जुने पाये ओकचे खुंट आणि जात्यासारखे मोठे दगड यांच्यावर होते आणि नदीच्या तळाखाली फार खोल नव्हते. त्यानंतर नवे खांब घेतले ते केसन म्हणजे पाण्यात उतरवायच्या मोठ्या पेट्या वापरून, खोल पाया घालून. २००२ च्या ऑगस्टमध्ये तर प्रागच्या मेट्रोत पाणी भरलं, तेव्हा पुलाजवळ यंत्रं उभी करून वाहत येणारी झाडं-लाकडं उचलून काढत होते, कारण १८९० चा धडा पाठ होता. पूल वाचला. नंतर दोन खांबांच्या पायांना पुन्हा संरक्षण दिलं.

तू गेलास तर दक्षिणेकडे म्हणजे पाणी येतं त्या बाजूला कठड्यावरून खाली वाकून बघ. प्रत्येक खांबाच्या पुढे पाण्यात जाड लाकडी वाशांची तिरकी चौकट ठोकलेली दिसेल, कौलारू घराच्या पाख्यासारखी. नदी गोठून वितळायला लागली की बर्फाचे तुकडे थेट दगडावर आदळू नयेत, आधी लाकडावर चढून फुटावेत, यासाठी ते. लाकूड कुजतं, मग बदलतात. माझ्या मते पुलाच्या दीर्घायुष्याचं श्रेय अंड्यांपेक्षा या बदलत्या लाकडांना आणि पुरानंतर दर वेळी पैसे काढून दुरुस्ती करणाऱ्यांना जास्त जातं. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर "पुलाच्या खांबाशी होणारी धूप" घे, आपल्याकडे तर उदाहरणं ढीगभर, सावित्री नदीवरचा महाडजवळचा पूल २०१६ ला पुरातच गेला.

प्रश्न : आमच्या सायबांची म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरची मूर्ती प्रागच्या पुलावर आहे असं ऐकलं. कुठे आहे ती नेमकी? गाईड दाखवतात का? (एक वाचक, मडगाव)

आहे आहे, आणि गाईड सहसा दाखवत नाहीत, कारण त्यांचा सगळा जीव नेपोमुक या संताच्या मूर्तीवर. जुन्या शहराच्या बुरुजातून पुलावर आलात की डावी बाजू धरायची, पाचवा मूर्तिसमूह. समोरच्या कठड्यावर सिरिल आणि मेथोडियस यांची, बाकीच्यांच्या मानाने नवी दिसणारी मूर्ती आहे, ती खूण.

पुलावर एकूण ३० मूर्ती आणि मूर्तिसमूह आहेत, बहुतेक १६८३ ते १७१४ या काळात बसवलेले. पूल बांधला तेव्हा यातलं काहीच नव्हतं, मूर्ती तीनेकशे वर्षांनी आल्या, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. झेवियरची मूर्ती १७११ ची, ब्रोकॉफ नावाच्या तरुण शिल्पकाराची. सायब वर उभे, हातात क्रूस उंच धरलेला, समोर गुडघे टेकून बसलेला एक राजपुत्र, तो हिंदुस्तानातला असं सांगतात, आणि खाली सगळा भार खांद्यावर पेलणारी परदेशी माणसं. आता यातली एक गंमत बघा, शिल्पकार बिचारा प्रागमध्ये बसून पूर्वेकडची माणसं घडवतोय, म्हणजे मूर्तीतले दागिने, पागोटी, चेहरे हे सगळं त्या वेळच्या युरोपला आपण कसे वाटायचो त्याचं चित्र. तिथे जरा थांबून एकेक चेहरा बघण्यासारखा आहे. त्यात भार पेलणारे सगळे आपल्यासारखे आणि वर उभा राहिलेला तो एकटा युरोपचा, हेही डोळ्यांना दिसल्याशिवाय राहत नाही, श्रद्धा आपल्या जागी ठेवून सांगतो.

झेवियर १५४२ ला गोव्यात आले, १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले, आणि पार्थिव पुढे गोव्यात आणलं, हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही बों जेझू चर्चच्या फेस्ताला लहानपणापासून जात असाल. पण पुलावरच्या सायबांचं नशीब वेगळं निघालं. वर कराडच्या मुलाला सांगितला तो १८९० चा पूर, त्यात कमान कोसळली आणि झेवियर आणि समोरचे सेंट इग्नेशियस, जेझुइट या धर्मसंघाचे दोन्ही मोठे संत, एकदमच नदीत गेले. झेवियरची प्रतिकृती करून १९१३ ला परत जागेवर बसवली. इग्नेशियस मात्र परतले नाहीत, त्यांच्या जागी ते सिरिल-मेथोडियस आले. म्हणजे तुम्ही बघाल ती प्रतिकृती. तशा पुलावरच्या बऱ्याच मूर्ती आता प्रतिकृतीच आहेत, वालुकाश्म हवेने आणि धुराने झिजतो म्हणून मूळ मूर्ती काढून ठेवल्यात, काही राष्ट्रीय संग्रहालयाच्या लॅपिडेरियममध्ये म्हणजे दगडी शिल्पांच्या संग्रहात, होलेशोव्हित्से भागात आणि काही व्हिशेहराद किल्ल्याच्या पोटात गोर्लित्से नावाच्या दालनात. वेळ असेल तर व्हिशेहरादला जाच, गर्दी नाही, मूर्ती हाताच्या अंतरावर.

प्रश्न : मिस्टर कंपनीच्या कामाला म्लादा बोलेस्लावला आहेत. मी सासू-सासरे आणि दोन वर्षांच्या मुलाला घेऊन जाणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात. पूल जमेल का? बाबागाडी न्यावी का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

पूल नक्की जमेल. चढ अगदी हलका, पायऱ्या नाहीत, पण जमीन सगळी दगडी फरसाची, त्यामुळे छोट्या चाकांची घडीची बाबागाडी खडखडून पोराची झोप मोडणार. मोठ्या चाकांची असेल तर न्या नाहीतर पोराला कडेवर किंवा कॅरियरमध्ये. सासूबाईंना जाड तळव्याचे बूट घाला, चपला नकोतच, दगड पावसाने गुळगुळीत होतात. पुलावर निवांत बसायला जवळपास काही नाही हे आधीच सांगून ठेवा.

बोलेस्लावहून बसने प्रागला आलात तर बस चेर्नी मोस्टला सोडते, तिथून मेट्रोची पिवळी बी लाईन. आता सगळे सांगतील स्तारोम्येस्त्स्काला उतरा, जवळ पडतं, पण त्यासाठी मध्ये गाडी बदला, मग तिथले लांबलचक सरकते जिने चढा, गुडघेवाल्या माणसाला नको ते. त्यापेक्षा बी लाईननेच नारोद्नी त्रिदापर्यंत या, वर येऊन २२ नंबरची ट्रॅम धरा आणि माला स्त्रानाच्या चौकात उतरा. म्हणजे पूल उलट्या बाजूने, किल्ल्याकडून शहराकडे चालायचा. ट्रॅम खिडकीतून शहर दाखवत जाते, नदी ओलांडते तेव्हा उजवीकडे सासऱ्यांची सीट असेल असं बघा. रुळांची कामं निघाली की नंबर बदलतात, त्यामुळे निघायच्या दिवशी फोनवर एकदा बघून घ्या. आणि तिकीट कागदी असेल तर पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारायचाच, तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही तर दंड, तिथे "पहिल्यांदाच आलोय हो" चालत नाही, तपासनीस साध्या कपड्यांत असतात. ट्रॅममधल्या मशीनवर कार्ड टेकवून घेतलेलं तिकीट मात्र आधीच शिक्क्याचं असतं.

कांपावर उतरायचा जिना टाळा, माला स्त्रानातून रस्त्याने सपाटीवरून जाता येतं. तिथे हिरवळ आहे, झाडं आहेत, चेर्तोव्का नावाचा नदीचा छोटा फाटा आणि त्यावर जुन्या गिरणीचं लाकडी चाक आहे. नातू खेळेल, आजी बसतील, पूल समोर. खरं सांगू, सासूबाईंसाठी तेवढंच पुरे, तुम्ही दोघं आळीपाळीने पुलावर जाऊन या.

प्रश्न : रिकाम्या पुलाचा फोटो कसा मिळतो? आणि कुठल्या मूर्तीला हात लावला की प्रागला परत येतो? (एक वाचक, ठाणे)

रिकामा पूल फक्त पहाटे. जूनमध्ये सूर्य पाचच्या आधीच उगवतो, आपलं कोण उठतंय, पण डिसेंबरात आठ वाजायला येतात, म्हणजे थंडीतली ट्रिप असेल तर बिनकष्टाचं काम. तेव्हाही प्री-वेडिंगवाले असतातच, लेहेंगा सावरत. ड्रोन मात्र बॅगेतून काढू नका, शहराच्या मध्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही. आणि पूल पुलावर उभं राहून फोटोत येत नाही हे परत सांगतो, बुरुजावर चढा, १३८ पायऱ्या आहेत, तिकीट आहे, पण वरून पूल किल्ल्यापर्यंत सरळ गेलेला दिसतो.

हात लावायची मूर्ती म्हणजे सेंट जॉन ऑफ नेपोमुक, साधारण मध्यावर, शहराकडून आलात तर उजवीकडे, डोक्याभोवती पाच तारे, पुलावरची सगळ्यात जुनी, १६८३ ची. १३९३ मध्ये राजा व्हात्स्लाव चौथा याने या धर्मगुरूला नदीत टाकायला लावलं. गोष्ट अशी सांगतात की राणीने कबुलीजबाबात काय सांगितलं ते याने राजाला सांगितलं नाही, इतिहासकार म्हणतात भांडण मठाधिपतीच्या नेमणुकीवरून होतं. मूर्तीच्या चौथऱ्यावर दोन पितळी चित्रं आहेत आणि दोन्ही हात लावून लावून सोन्यासारखी चकचकीत झालीत. एकात संताला पुलावरून खाली टाकतायत, हात लावायचा तो यालाच. दुसऱ्यात एक शिपाई आणि कुत्रा, त्या कुत्र्याला कुरवाळायची प्रथा कुठून आली कोणास ठाऊक, एकाने लावला म्हणून दुसऱ्याने असं चाललंय. रांग असते. मी म्हणेन रांगेत दहा मिनिटं घालवण्यापेक्षा शहराच्या टोकाला जाऊन नेपोमुकच्याच बाजूच्या कठड्यावरून खाली घाटाच्या भिंतीत बघा, एक दाढीवाला दगडी चेहरा बसवलेला आहे, जुन्या युडिट पुलावरचा. पूर्वी लोक नदीचं पाणी त्याच्या दाढीला लागलं की गाशा गुंडाळायचे, पूर मोजायची पट्टीच ती. त्याच्यासमोर रांग बिंग काही नाही.

प्रश्न : पैसे युरोत न्यावेत का? पुलाजवळ फसवतात म्हणे? (एक वाचक, कोल्हापूर)

चेकमध्ये कोरुना चालतो, युरो नाही. काही दुकानं युरो घेतात पण भाव त्यांच्या मनाचा. शक्यतो कार्ड वापरा, रोख हवीच तर बँकेच्या एटीएममधून थोडी काढा, आणि मशीनने रुपयांत हिशोब करू का विचारलं तर नाही म्हणून कोरुनाच निवडा. रस्त्यात "चेंज, चेंज" करत येणाऱ्याकडून एक दमडी घेऊ नका, भलत्याच देशाच्या नोटा हातात टेकवतात. पैसे बदलायच्या दुकानात वाईट दराने बदलले गेले तर घाबरू नका, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो असा तिथे कायदा आहे, पावती मात्र जपा. आणि पाकीट पुढच्या खिशात. लोक नेपोमुककडे बघत असतात तेव्हा खिसेकापू लोकांकडे बघत असतात.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. पुलाजवळ काय मिळेल? ते गोल गोल गोड काय असतं? (एक वाचक, सांगली)

ते त्रदेल्निक, दांड्याला पीठ गुंडाळून भाजतात आणि साखर-दालचिनीत घोळवतात. "जुनं प्रागी पक्वान्न" अशी पाटी असते त्यावर जाऊ नका, ते तिकडे स्लोव्हाकिया-ट्रान्सिल्व्हेनियाकडचं, प्रागच्या टुरिस्ट गल्ल्यांत गेल्या काही वर्षांतच बोकाळलंय. चवीला बरं, भावाला महाग, आणि पिठात अंडं असू शकतं, तेव्हा विचारून घ्या. चेक जेवणात तुमच्यासाठी स्माझेनी सीर, म्हणजे तळलेलं चीज, पण त्याच्या आवरणातही अंडं असतं. बटाट्याच्या ब्रांबोराक धिरड्यातही अंडं. सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी बरेचदा मांसाचं. त्यामुळे अंडंही चालत नसेल तर सरळ इंडियन किंवा व्हिगन हॉटेल शोधा, प्रागमध्ये दोन्ही पुष्कळ आहेत, फक्त पुलाला लागून असलेली सोडा आणि दोन-तीन गल्ल्या आत जा, तिथे जेवण पण बरं आणि बिल पण.

(पुढच्या अंकासाठी बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या कुंडांबद्दल प्रश्न पाठवा, पोहण्याचे कपडे कुठले चालतात हा प्रश्न आधीच अकरा जणांनी विचारलाय, तो सोडून.)